बोललेलं रान

कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता माझा भाऊ दानिएल बीडच्या दवाखान्यात वारला. त्याचं वय बावन्न होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नवव्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. मी आणि त्याची बायको सुनंदा बाकावर बसलो होतो. सुनंदाने विचारलं, गाडी कधी मिळेल. संध्याकाळी गावात माती झाली.

त्याला आता काही वर्षं झाली. कार्तिक येतो तेव्हा मला कॅलेंडर बघावं लागत नाही. गेवराईकडून उमापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले दिसू लागतात. टेम्पोत ताडपत्रीच्या वरपर्यंत भरलेला कापूस वाऱ्याने थोडा थोडा सुटतो आणि काट्यांवर बसतो. बसच्या खिडकीतून वाटतं, बाभळीलाच बोंडं फुटली आहेत. लहानपणी शाळेत जाताना आम्ही भावंडं ते पुंजके गोळा करायचो. दानिएल त्यातली सरकी दाताने फोडून खायचा. सरकीची चव तेलकट आणि थोडी कडू असते, आणि खाल्ल्यावर बराच वेळ जिभेवर तंतू राहतात.

आमच्या घरात या दिवसांत पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असायची. झोपायला जागा नसायची, म्हणून आम्ही कापसावरच झोपायचो. रुतत जायचं. अंगाखालून ऊब यायची, वाळलेल्या पानाचा आणि धुळीचा वास यायचा, आणि सकाळी अंगभर खाज सुटायची. मी त्या ढिगात पुस्तक लपवून ठेवायची. वेचणीलाही ओटीत पुस्तक असायचं. ओटी म्हणजे कंबरेला बांधलेली कापडाची झोळी, वेचलेला कापूस तिच्यात टाकतात. संध्याकाळी माझी ओटी हलकी भरायची, आणि आईने बघण्याआधी दानिएल त्याच्यातला दोन ओंजळी कापूस माझ्या ओटीत टाकायचा. मी शिकले, बीडला एका शाळेत ग्रंथपाल झाले. तो गावात राहिला. एवढं सांगितलं तरी आमच्या दोघांबद्दल बरंचसं सांगून होतं.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. गावाच्या कडेला दगडी भिंतींचं, पत्र्याचं छप्पर असलेलं प्रार्थनामंदिर, आणि त्याला लागून अर्धा एकर रान. ते मंडळीचं रान. त्यात दर वर्षी कापूस लावतात. पहिल्या वेचणीचा कापूस विकत नाहीत. तो गेवराईच्या पिंजाऱ्याकडे जातो, आणि नाताळच्या आधी त्याच्या रजया होऊन येतात. आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं राहतात. रजया त्यांच्यासाठी. जातपात, देव, काही विचारत नाहीत. म्हातारं आणि एकटं असलं की पुरे. रान पेरायचं, निंदायचं, वेचणीला बायका गोळा करायच्या, हे सगळं दानिएल बघायचा. त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

नवस हा शब्द आमच्यात फारसा वापरत नाहीत. आमच्यात ‘बोलणं’ असतं. रविवारच्या उपासनेत साक्ष देण्याची वेळ येते. ज्याला काही सांगायचं आहे तो उभा राहतो. कुणी बरं झाल्याचं सांगतं, कुणी मुलाच्या नोकरीचं. आणि कधी कुणी सगळ्यांदेखत देवाला बोलतं: अमुक होऊ दे, मी तमुक करीन. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, मान हलवतात, मंडळी आमेन म्हणते. तिथून पुढे ती गोष्ट बोललेली होते. बोललेल्या गोष्टीला दुसरं कुणी हात लावत नाही. ज्याने बोललं त्याने ती करायची, नाहीतर त्याच जागी उभं राहून शब्द परत घ्यायचा. एका म्हाताऱ्याने प्रार्थनामंदिराच्या दाराची कडी मी बसवीन म्हणून बोललं आणि तो मुलाकडे पुण्याला निघून गेला. दोन वर्षं ते दार सुतळीने बांधलेलं होतं. गावात लोहार होता, सुतार होता, दुकानात कड्या होत्या. म्हातारा परत आला, त्याने कडी बसवली, चहा प्याला. कुणी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. ही पद्धत कुठल्या ग्रंथात नाही. मी शोधली आहे.

मला हे बोलणं आवडायचं नाही. तरुणपणी तर रागच यायचा. देव द्यायचं ते देईल, न द्यायचं ते देणार नाही, त्याच्याशी भाजीवालीसारखी घासाघीस कशाला, असं मी दानिएलला म्हणायची. तो ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, “तू वाच, अक्का. मी वैरण टाकून येतो.”

तो दवाखान्यात होता त्यातल्या रविवारी मी गावी आले होते. त्याचं आधार आणि रेशनकार्ड लागत होतं. कागद सापडले तेव्हा उपासनेची घंटा झाली, आणि लगेचची बस नव्हती, म्हणून मी जाऊन मागे बसले. साक्षीची वेळ आली. मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच उभी राहिले असेन. खिडकीतून मंडळीचं रान दिसत होतं, नुकतं फुटायला लागलेलं, म्हणून तोंडात तेच आलं. मी म्हणाले, माझा भाऊ वाचला तर या रानातली पहिली वेचणी मी एकटी करीन. पाळकसाहेबांनी मान हलवली. मंडळी आमेन म्हणाली. मी खाली बसले. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली खात्री होती की आता तो वाचेल. ती खात्री मला अजून आठवते. त्यानंतर तशी कशाबद्दल वाटलेली नाही.

दोन दिवसांनी तो गेला. मी माती देऊन बीडला परतले. शाळेत जाऊ लागले, पुस्तकांना नंबर घालू लागले. रानाचा विचार माझ्या मनात आला नाही. आला असता तरी मी म्हटलं असतं, वाक्यात ‘वाचला तर’ होतं, तो वाचला नाही, प्रश्न संपला.

दानिएलच्या महिन्याच्या प्रार्थनेला मी पुन्हा गावी आले. फाट्यावर उतरून चालत निघाले. दोन्ही बाजूंची रानं वेचून झालेली, नुसत्या तांबूस पऱ्हाट्या, कापसाची रिकामी झाडं, उभ्या. आणि त्यांच्या मधोमध एक पांढराफेक तुकडा. कापूस बोंडांतून सुटून लोंबत होता, काही जमिनीवर गळून मातीत मळला होता. मंडळीचं रान.

आपल्या घराच्या दारात मार्था मावशी बसल्या होत्या. मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. तेव्हा पंचाहत्तरीच्या असतील. मुलगा-सून ऊसतोडीला, त्या एकट्या.

मी विचारलं, “मावशी, रान कावून राहिलंय?”

शहरात राहून माझी भाषा बदलली आहे, पण फाट्यावर उतरलं की ‘का’च्या जागी ‘कावून’ आपोआप येतं.

“राहील न्हाई तर काय. तुजं हाय ते.”

“माझं?”

“तूच बोललीवतीस न्हवं, उभी राहून?”

“मी ‘वाचला तर’ म्हणाले होते.”

“म्हणलीवतीस. समद्यांनी ऐकलं.”

“मग?”

“मंग काय? ते तुजं आन देवाचं. आमी मधी कावून हात घालायचा?”

“मला निरोप तरी द्यायचा.”

“दुखवट्यात माणसाला कापसाचं सांगत्यात व्हय?” मावशींनी पान लावलं, चुना बोटाने पुसला. “परत घ्यायचं असंल तं घे. रविवारी उभी राहा, घे म्हणावं परत. कुणी काय म्हनत न्हाई. मंग आमी चार म्हाताऱ्या जाऊ, सापडंल तेवढा येचू. पन तवर न्हाई.”

त्या दिवशी गुरुवार होता. नाताळ तीन आठवड्यांवर. आभाळ स्वच्छ होतं, पण मार्गशीर्षात एखादी सर येऊन जाते, आणि फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो काळा पडतो. मी हिशोबी बाई नाही, तरी एवढं मला कळत होतं की मी रविवारपर्यंत थांबून शब्द परत घेतला तरी त्यात तीन दिवस जातील, आणि मागे राहिलेल्या चार म्हाताऱ्यांच्या हातून अर्धा एकर उरकणार नाही.

रात्रीची प्रार्थना झाली. सकाळी मी अंगणात बसले असताना एक जुनी गोष्ट आठवली. दानिएल दहावीला होता. पास झालो तर वर्षभर प्रार्थनामंदिर झाडीन, असं तो बोलला होता. निकाल लागला, तो नापास झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू घेऊन गेला. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. मी त्याला म्हणाले, “बावळ्या, पास झालो तर म्हणाला होतास ना?”

तो म्हणाला, “पास झालो असतो तं मी शिकायला शहरात गेलो असतो. मंग झाडलं कुणी असतं?”

मी तेव्हा हसले होते. आईलाही सांगितलं, आईही हसली. त्याने वर्षभर झाडलं. मी पास होऊन शहरात गेले होते.

त्या सकाळी हसू आलं नाही. मला माझीच गंमत वाटली, तीही कडवट. जन्मभर मी म्हणत आले की देवाशी घासाघीस करू नये. आणि आता हातात वाक्य धरून मीच उभी होते: बघ, यात ‘तर’ आहे, तू तुझं केलं नाहीस, मी माझं करणार नाही. याहून पक्की घासाघीस मी बाजारातही ऐकली नव्हती. देवावर माझा राग होता का? असेल. पण राग सांगायला मला कलमाचा आडोसा लागत होता, हे मला बरं वाटलं नाही.

मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि सुनंदाकडे ओटी मागितली. तिने ती खुंटीवरून काढून दिली. त्या महिनाभरात सुनंदा घराबाहेर पडलेली नव्हती. भाकरी करायची, शेळीला पाला टाकायची, आणि भिंतीला टेकून बसायची.

अडतीस ओळी होत्या. कापूस वेचणं सोपं काम आहे असं रोजच्या वेचणाऱ्याला वाटतं. माझी वेचायची सवय मोडून चाळीस वर्षं झाली होती. सुकलेल्या बोंडाची टोकं टाचणीसारखी असतात, ती नखाच्या मुळाशी जातात. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या. बोटांना चिरा पडल्या, त्यात घाम गेला की चरचरायचं. सकाळी दहिवर असतं तोवर पानं ओली असतात आणि चुरा चिकटत नाही, म्हणून लवकर यावं लागतं. मग तो ओला कापूस प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर पसरायचा. दुपारी वाळलेल्या पानांची पूड नाकातोंडात जाते. कंबर सरळ होत नाही. या सगळ्यात भक्तीचा विचार एकदाही मनात आला नाही. दानिएलचाही फारसा आला नाही. पुढचं बोंड दिसतं, हात जातो, एवढंच.

मार्था मावशी रोज बांधावर येऊन बसायच्या. कापसाला हात लावायच्या नाहीत. हातातल्या काठीने दाखवायच्या.

“ते राहिलं बग. त्याच्या खालचं. डोळे झाकून येचतीस का?”

“कवडी आहे ते, मावशी. किडकं.”

“किडकं बी येच. देवाला म्हणलीस का, चांगला चांगला येचीन म्हणून?”

मग थोड्या वेळाने: “तुज्या आयनं एका दिवसात सहा ओळी केल्यात. पोटुशी असताना.”

“माहीत आहे.”

“दानूच्या वेळंला. तुज्या वेळंला न्हाई, तुज्या वेळंला लई उलट्या.”

पलीकडच्या पडीक रानात कौसाबाई धनगरणीची मेंढरं होती. शेवटची वेचणी झाली की मेंढरं पऱ्हाट्यांत सोडतात, पाला खातात, रानाला खत होतं. उशिरामुळे त्या वर्षी आमची पहिली वेचणीच शेवटची होती, आणि ती आमचं रान मोकळं व्हायची वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी बांधावर मावशींच्या शेजारी येऊन बसली.

“बाई, तुमच्या देवाला बी नवस चालतो व्हय?”

“चालतो.”

“आमी कपिलधारला चालत गेलतो औंदा. पोराच्या पायासाठी.” तिने मेंढरांकडे बघितलं. “आन न्हाई फेडला तर? आमचा लगीच दावतो. मेंढरू मरतंय, न्हाई तं ताप येतोय. तुमचा काय करतो?”

मी विचार केला. “काही करत नाही. काही बोलत नाही.”

“मंग अवघड हाय तुमचं,” ती म्हणाली, आणि मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पहिल्या दिवसानंतर हात बसत गेला. सातव्या दिवशी दुपारपर्यंत एकोणतीस ओळी झाल्या. आणि गोदावरीच्या अंगाने आभाळ भरून आलं. वारा पडला. उकाडा सुटला. कौसाबाईने मेंढरं वळवली. मावशी उभ्या राहून बघत होत्या.

“येतंय बग.”

“हो.”

“नऊ ओळी हायत. अंधार पडोस्तर तुज्यानं तीन व्हतील. लई झाल्या तर चार.”

मी वेचत राहिले. माझ्या मनात काय चाललं होतं ते नीट लिहायचा प्रयत्न करते. सातव्या दिवशी मला ती ‘एकटी’ आवडायला लागली होती. गाव बघत होतं. पाळकसाहेब गेवराईहून मोटारसायकलवर आले तेव्हा बांधावर दोन मिनिटं टोपी काढून उभे राहिले होते. देवाने त्याचं केलं नाही, तरी मी माझं शब्दशः करते आहे, हे मला त्याला दाखवायचं होतं. उरलेला कापूस भिजला असता तरी माझा शब्द पुरा झाला असता, कारण जेवढा वेचला तेवढा एकटीने वेचला असता. आणि नऊ ओळी म्हणजे चारपाच रजया. त्या कुणाच्या अंगावर जायच्या ते मला नावानिशी माहीत होतं. त्यातलं एक नाव समोर काठी टेकून उभं होतं.

मी म्हणाले, “मावशी, या.”

“एकटी म्हणलीवतीस.”

“म्हणाले होते.”

“मंग देवाला काय सांगशील?”

“सांगेन काहीतरी. तुम्ही या. आणि सुनंदाला हाक मारा.”

मावशी काठी टेकत गेल्या. सुनंदा येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. वेचणीला बायका काट्यापासून हात वाचावेत म्हणून साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. तिने दानिएलचा शर्ट घातला होता, निळ्या रेघांचा. मनगटाची बटणं तिने चालता चालता लावली. माझ्याकडे न बघता ती पलीकडच्या ओळीला लागली आणि दोन्ही हातांनी वेचू लागली. मी एका बोंडाशी झटायची तोवर तिची चार व्हायची. मावशी काठी कमरेला खोचून खालची बोंडं वेचत होत्या आणि बडबडत होत्या. सुनंदाचे हात थांबत नव्हते. एकदा फक्त म्हणाली, “अक्का, ओटी सैल बांधलीया तुमी,” आणि मागे येऊन माझी गाठ घट्ट बांधून दिली.

दिवस मावळायच्या सुमाराला शेवटचं पोतं प्रार्थनामंदिरात ठेवलं.

पाऊस आला नाही. सकाळी आभाळ निरभ्र होतं, दिवसभर ऊन पडलं, दुसऱ्या दिवशीही पडलं. मला एकटीला ते रान सहज उरकलं असतं.

रविवारी साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. मी म्हणाले, “मी एकटीने वेचीन म्हणाले होते. तसं झालं नाही. शेवटच्या सात ओळी तिघींनी वेचल्या.”

मागून मावशींचा आवाज आला, “सात न्हाई, नऊ.”

“नऊ,” मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी मान हलवली, नेहमी हलवतात तशीच. मंडळी आमेन म्हणाली. ते आमेन कशाला होतं, शब्द पाळल्याला की मोडल्याला, हे मला कळलं नाही. मी नंतर पाळकसाहेबांना विचारलंही. ते मोटारसायकल पुसत होते. म्हणाले, “मोडलंत म्हणून सांगितलंत ना? मग झालं. रजया किती होतील?”

त्या वर्षी बावीस रजया झाल्या.

मी आता निवृत्त आहे. वेळ आहे, म्हणून शपथा, वचनं, नवस यांबद्दल जे मिळेल ते वाचते. वाचलेल्यापैकी बरंचसं पटतं. देवाला शब्द देण्यापेक्षा न दिलेला बरा, हे तर मला आधीपासूनच पटत होतं. पण तो दिला गेला नसता तर सुनंदा त्या दिवशी घराबाहेर आली असती का, याचं उत्तर पुस्तकांत नाही, आणि मी त्यावर फार रेंगाळत नाही. त्यातून देवाच्या योजनेबद्दल काही सिद्ध करायचा मोह होतो. माझा भाऊ बावन्नाव्या वर्षी गेला, ही गोष्ट कुणाच्या घराबाहेर येण्याने भरून निघणारी नाही.

मार्था मावशी मागच्या उन्हाळ्यात वारल्या. मंडळीचं रान आता सुनंदा बघते. मी देवाला पुन्हा काही बोललेले नाही. ‘एकटी’ हा शब्द मी मोडला, तो मोडलेलाच आहे. पऱ्हाटी यंदाही फुटली आहे, आणि पहिली वेचणी आम्ही दोघी करतो.